चेहरा बोलतो, असे म्हणण्याआधी

व्यक्तिचित्रांच्या प्रदर्शनात सर्वांत जास्त ऐकू येणारी दाद म्हणजे ‘डोळे बघा, किती बोलके आहेत!’ प्रात्यक्षिकात तर चित्रकाराने बुबुळावर पांढऱ्याचा शेवटचा ठिपका ठेवला की हमखास टाळ्या पडतात. टाळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. समोर बसलेल्या माणसाशी थोड्या वेळात साम्य साधणे ही हातोटी लहान नव्हे. तक्रार आहे ती दादेमागच्या समजुतीबद्दल. स्वभाव माणसाच्या आत कुठेतरी साठवलेला असतो, चेहरा ही त्याची खिडकी आणि चांगला चित्रकार ती उघडून देतो, अशी ही समजूत आहे. जगातली थोर व्यक्तिचित्रे नीट पाहू लागलो की ती टिकत नाही.

मुळात भावना आणि स्वभाव ही जोडी आपण फार सहज एका दमात उच्चारतो. व्यक्तिचित्रात ही दोघे बहुधा एकमेकांच्या आड येतात. नाट्यशास्त्राने आठ स्थायी भाव सांगितले आणि त्यांच्या जोडीला येऊन-जाऊन असणारे तेहेतीस व्यभिचारी भाव. ती मांडणी रंगभूमीची. चित्राला जशीच्या तशी लावू नये. पण एक गोष्ट तीवरून उमगते. नट क्षणिक भावांतून टिकाऊ भावापर्यंत पोचतो, कारण त्याच्या हाताशी वेळ असतो: एक भाव विरतो, दुसरा उमटतो. चित्रकाराला एकच चेहरा मिळतो आणि तो कायमचा. त्यावर खदखदून हसू रंगवले तर पहिल्या भेटीत ते हसू वाटते, दहाव्या भेटीत मुखवटा.

फ्रान्समध्ये शार्ल ल ब्रँ याने १६६८ मध्ये राजाश्रयाच्या कला अकादमीत भावनांवर व्याख्यान दिले. राग, भीती, विस्मय, तिरस्कार अशा प्रत्येकाला त्याने भुवया-ओठांची एकेक ठेवण नेमून दिली. पुढे कित्येक पिढ्या चित्रशाळांत त्या आकृत्या गिरवल्या गेल्या. त्यांतली भीती क्षणात ओळखू येते. भ्यालेला माणूस कोण, हे मात्र कळत नाही.

रेम्ब्राँ याच वाटेने आधी चालून गेला होता. १६३० मध्ये, ऐन चोविशीत, त्याने आरशासमोर तोंडे वेडीवाकडी करून छोटी अम्लरेखने केली. त्यांत एक डोळे विस्फारलेले, एक हसणारे, एक तोंड वासून ओरडणारे. तो रियाज होता. १६५६ मध्ये त्याचे दिवाळे वाजले, घरातल्या वस्तू विकाव्या लागल्या, आणि १६५८ मध्ये त्याने स्वतःचे जे मोठे चित्र केले (ते आज न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात आहे) त्यात दुःखाची एकही ठरीव खूण नाही. सोनेरी वस्त्र, हाती काठी, एखाद्या राजासारखी बैठक आणि जाडसर, थकलेले मोठे हात. चेहरा काही सांगत नाही, म्हणून आपण तिथून हलत नाही. (म्हातारपणी त्याने एक हसणारे आत्मचित्रही केले; ते जर्मनीत कलोनला आहे. पण ते हसू नेमके कशाचे, यावर अभ्यासक अजून भांडतात, म्हणजे तिथेही त्याने आपल्याला सुखाने बसू दिलेले नाही.)

चेहऱ्यातून स्वभाव कळतो का, या प्रश्नाची खरी कसोटी माझ्या मते १६५० मध्ये रोमला झाली. स्पेनच्या राजासाठी चित्रे आणि प्राचीन शिल्पे मिळवायला आलेल्या वेलाझ्केझने त्या वर्षी तिथे दोन व्यक्तिचित्रे रंगवली. एक दहाव्या इनोसंट पोपचे. दुसरे हुआन दे पारेहाचे. हा त्याच्या चित्रशाळेत काम करणारा त्याचाच गुलाम.

पोपच्या चित्राबद्दल आख्यायिका अशी की, ते पाहून पोप ‘फारच खरे’ म्हणाला. तेव्हापासून त्या चेहऱ्यात कावेबाजपणा, संशय, क्रौर्य काय काय वाचले गेले आहे. पण पोप नाराज झाल्याची चिन्हे नाहीत. चित्रकाराला त्याने सोन्याची साखळी आणि पदक दिले, असे पालोमिनो हा जुना चरित्रकार सांगतो. आपले काळे अंतरंग उघडे पडले असे वाटणारा सत्ताधीश बक्षीस देत नसतो. मग आपल्याला जाणवणारी अस्वस्थता येते कुठून? बरीचशी रंगातून. मागचा पडदा लाल, खुर्ची लाल, टोपी लाल, खांद्यावरचे रेशीम लाल, आणि तीच लाली पंचाहत्तरीतल्या त्या कातडीत उतरलेली. सगळी धग एकाच रंगाची. ओठ मिटलेले, नजर आपल्यावर रोखलेली, एक हात खुर्चीवर सैल सोडलेला, दुसऱ्यात चित्रकाराचे नाव असलेला कागद. एकही भाव पुरता ठरवलेला नाही.

याच चित्रावरून फ्रान्सिस बेकनने १९५३ मध्ये आपला किंचाळणारा पोप केला. त्याने मिटलेले तोंड उघडले आणि भावना शिगेला नेली. चित्र जबरदस्त आहे, पण त्यातून पाम्फिली घराण्यातला तो म्हातारा इनोसंट नाहीसा झाला. उरली ती किंकाळी, आणि ती कोणाचीही असू शकते.

आपल्याकडच्या सभागृहांतली बरीच तैलचित्रे मला निर्जीव वाटतात, तीही काहीशी याच कारणाने. ती बहुधा माणूस गेल्यावर छायाचित्रावरून केलेली असतात. छायाचित्राने पकडलेला एक क्षण चित्रकार इमानाने मोठा करतो. समोर बसणे नाही, कंटाळणे नाही, विसाव्यात खांदे पडणे नाही, चित्रकाराकडे पाहून सावध होणे नाही. व्यक्तिचित्रात आपण ज्याला स्वभाव म्हणतो तो पुष्कळदा बैठकीत दोन माणसांमध्ये घडलेला व्यवहार असतो. बैठकच झाली नसेल तर हुबेहूबपणा हाती लागतो आणि तिथेच काम थांबते.

पारेहाच्या चित्रात तर या व्यवहाराला धारच आहे. ते १६५० च्या मार्चमध्ये रोमच्या पँथिऑनमध्ये मांडले गेले, तेव्हा बाकीची चित्रे चित्रे वाटतात आणि हे सत्य, असे लोक म्हणाल्याचे पालोमिनोने नोंदवले आहे. करड्या पार्श्वभूमीवर गडद वस्त्र, पांढरी रुंद कॉलर, पोटाशी आडवा धरलेला हात आणि जरा वरून आपल्याकडे पाहणारे डोळे. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते पाहणारा प्रत्येक जण त्यात स्वाभिमान वाचतो. मीही वाचतो. पण हा माणूस बसायला नकार देऊ शकत नव्हता. त्याच्या मुक्ततेचा दस्तऐवज नोव्हेंबर १६५० चा आहे, म्हणजे चित्र टांगले गेल्यानंतरचा, आणि त्यातही आणखी चार वर्षे सेवेची अट आहे. तो रुबाब पारेहाचा, की मालकाने त्याला बहाल केलेला? चित्र पाहून हे सांगता येत नाही. जो सांगतो तो चित्रात न दिसणारे सांगतो.

सुदैवाने इथे दुसरी साक्ष आहे. मुक्त झालेला पारेहा स्वतः चित्रकार म्हणून जगला. १६६१ मध्ये त्याने ‘संत मॅथ्यूला पाचारण’ हे मोठे चित्र केले. त्याच्या डाव्या कडेला तो स्वतः उभा आहे, हातात स्वतःच्या सहीचा कागद घेऊन. वर्ण वेलाझ्केझने रंगवला त्यापेक्षा उजळ आहे, नाक-ओठांची ठेवणही वेगळी. कलाकृती म्हणून ते मालकाच्या चित्राच्या जवळपासही पोचत नाही. तरी पारेहाच्या स्वभावाबद्दल बोलायचे तर मालकाचे चित्र एकटे पुरेसे नाही. दुसरे माद्रिदच्या प्रादोमध्ये आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहावे आणि मगच डोळे काय बोलतात ते सांगावे.