मागे फिरणाऱ्यासाठी हार

पैसे भरून, शेर्पा सोबत घेऊन हिमालयातल्या एखाद्या उंच शिखरावर जाणं आता हुबळी-धारवाडच्या मध्यमवर्गीय घरांनाही अगदी परकं राहिलेलं नाही. आधी नृपतुंग बेट्टाच्या चढणीवर पाठीला जड सॅक लावून सराव, मग उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतला २८ दिवसांचा बेसिक कोर्स, पुढे ॲडव्हान्स, सहा हजार मीटरचं एखादं शिखर आणि शेवटी एव्हरेस्ट. समुद्रसपाटीपासून साडेसहाशे-साडेसातशे मीटरवरच्या आपल्या जुळ्या शहरांत राहून ८,८४९ मीटरचं स्वप्न पाहायला धाडस लागतं. मला या धाडसाचं मनापासून कौतुक आहे. म्हणूनच आज त्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल लिहितो आहे.

अशाच एका मोहिमेसाठी मदत मागणारं पत्रक मध्यंतरी हातात आलं. खर्चाचा आकडा चाळीस लाखांच्या पुढचा. एवढी रक्कम नोकरदाराच्या घरात असत नाही, त्यामुळे लोकांपुढे हात पसरण्यात काहीच गैर नाही. खटकलं ते शेवटचं आश्वासन: मोठी देणगी देणाऱ्याच्या फर्मचा झेंडा शिखरमाथ्यावर फडकवून त्याचा फोटो देण्यात येईल. जी गोष्ट वारा, हवामान आणि फुप्फुसं ठरवणार, ती इथे गावात बसून आधीच विकली गेली होती. शिखर दोन-अडीचशे मीटरवर दिसतंय, दुपार उलटून चाललीय आणि सोबतचा शेर्पा सांगतोय, साहेब, आता परत फिरू. अशा वेळी मोहिमेवर गेलेल्या त्या मुलाला काय आठवेल? त्या उंचीवर हवेतला प्राणवायू आपल्या इथल्या जेमतेम एक तृतीयांश. डोकं नीट चालत नाही. तिथे माणूस विचार करून निर्णय घेत नाही, घरून जे ठरवून आलेला असतो तेच करतो.

या दडपणाखाली माणसं काय करतात याचं एक उदाहरण महाराष्ट्राच्या चांगलं लक्षात असेल. २०१६ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट सर केल्याचं पुणे पोलीस दलातल्या एका दांपत्याने जाहीर केलं. कौतुक झालं, बातम्या छापून आल्या. थोड्याच दिवसांत इतर गिर्यारोहकांनी शंका घेतली आणि उघड झालं ते असं, की बंगळूरला नोकरी करणाऱ्या सत्यरूप सिद्धांत या गिर्यारोहकाच्या शिखरावरच्या फोटोंत फेरफार करून ते आपले म्हणून दाखवले होते. नेपाळ सरकारने दोघांवर दहा वर्षांची बंदी घातली, पुढच्या वर्षी नोकरीही गेली. त्यांनी केलं ते चूकच. पण हिमालयात शेकडो माणसं दरवर्षी शिखर न गाठता परततात, त्यांत लाजण्यासारखं काही नसतं. मग न गेलेल्या माथ्यावरचा फोटो दाखवण्याची गरज कुणाला वाटते? रिकाम्या हातांनी घरी परतण्याची ज्याला भीती वाटते, त्याला. ही भीती आपण, स्वागताला जमणारे, निर्माण करतो.

या भीतीचं याहून भयंकर रूप तीन वर्षांनी दिसलं. २०१९ च्या वसंतात नेपाळने एव्हरेस्टसाठी ३८१ परवाने दिले. चांगल्या हवामानाचे दिवस थोडे आले, सगळे एकाच वेळी निघाले. २२ मे रोजी माथ्याजवळच्या धारेवर लागलेल्या रांगेचा निर्मल पुर्जा यांनी काढलेला फोटो जगभर पोहोचला. त्या हंगामात अकराजणांचा जीव गेला. त्यांत पुण्याचा एक सत्तावीस वर्षांचा तरुण होता आणि मुंबई परिसरातल्या पन्नाशी ओलांडलेल्या एक गिर्यारोहक बाईही होत्या. दोघेही शिखर गाठून उतरताना गेले. त्यांच्या घरच्यांच्या दुःखापुढे आपण काही बोलू नये. पण रांगेत पुढे-मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसांचं एकमेकांशी नातं काय, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. त्याच महिन्यात पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहाजण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली कांचनजंगावर पोहोचले. अशा संस्थेतली माणसं सह्याद्रीतल्या कड्यांवर वर्षानुवर्षं एका दोरावर चढलेली असतात, एकमेकांच्या घरी जेवलेली असतात. पैसे भरून घेतलेल्या जागेवरचा गिर्यारोहक मात्र सोबत्यांना बहुधा काठमांडूला पहिल्यांदा भेटतो. त्यांचं एकमेकांवर काही ऋण आहे, असं कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

तरीही ते ऋण मानणारी माणसं असतात. १८ मे २०२३ रोजी गेल्जे शेर्पा एका चिनी गिर्यारोहकाला घेऊन एव्हरेस्ट चढत होते. बाल्कनी नावाच्या टप्प्याच्या आसपास, ८,३०० मीटरच्या वर, त्यांना एक माणूस दोराला बिलगून थंडीने थरथरताना दिसला. तो मलेशियाचा होता. बाकीचे बाजूने निघून जात होते. गेल्जेंनी आपल्या पाहुण्याला सांगितलं, आपण शिखर सोडून याला खाली नेऊ. पाहुण्याचं मन लगेच तयार होईना. लाखो रुपये भरलेले, पुन्हा ही संधी येईल याची खात्री नाही. पण शेवटी तो हो म्हणाला. मग गेल्जेंनी त्या अर्धमेल्या माणसाला प्राणवायू दिला, झोपायच्या मॅटमध्ये गुंडाळला, बर्फावर ओढला, जिथे ओढता येईना तिथे पाठुंगळी घेतला. जवळपास सहा तास लागले चौथ्या कॅम्पपर्यंत उतरायला. माणूस वाचला.

गेल्जेंचं नाव जगभर झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. मी मात्र त्या चिनी पाहुण्याचाही विचार करत राहतो. त्याने फक्त हो म्हटलं. त्या उंचीवर तो एक होकार किती महाग असेल!

उंचीवरही माणसाला सोडून द्यायचं नसतं, हे आपल्या धारवाड जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. २०१६ च्याच फेब्रुवारीत, कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूर गावचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सियाचिनवर १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीत नऊ सहकाऱ्यांसह हिमस्खलनाखाली गाडले गेले. कुणी जिवंत असेल ही आशा जवळजवळ संपली होती. तरी जवानांनी कुत्र्यांच्या मदतीने दगडासारखा घट्ट झालेला बर्फ फोडणं थांबवलं नाही. सहाव्या दिवशी पंचवीस फुटांहून अधिक खोलीवर हणमंतप्पा श्वास घेताना सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ते गेले. त्या दिवसांत आपल्याकडच्या देवळांत, मठांत, मशिदींत त्यांच्यासाठी प्रार्थना चालल्या होत्या. सैनिकाचं कर्तव्य आणि हौशी गिर्यारोहकाची इच्छा यांची तुलना मी करणार नाही. एवढंच म्हणतो की उंचीमुळे माणुसकी अशक्य होते, वर प्रत्येकाने आपापलं पाहायचं असतं, हे म्हणणं आपल्या गावाने तरी मान्य करू नये.

पैशांच्या हिशेबाबद्दलही मला बोलायचं आहे, कारण पत्रकात तो कधी नसतो. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातातून पाहुणा गिर्यारोहक मोजक्या वेळा जातो. शेर्पा तंबू, दोर, अन्न, सिलिंडर घेऊन त्याच्या कितीतरी पट फेऱ्या मारतो, आणि जितक्या फेऱ्या तितका धोका. १८ एप्रिल २०१४ ला तिथे बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार एका सकाळी गेले. सरकारने आधी प्रत्येक कुटुंबाला देऊ केले चाळीस हजार नेपाळी रुपये. संतापलेल्या शेर्पांनी चढाईला नकार दिला, नेपाळच्या बाजूचा हंगाम बंद पडला, त्यानंतर विम्याची सक्तीची रक्कम पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. आपल्या रुपयांत ती दहा लाखही भरत नव्हती. चाळीस-पन्नास लाख खर्चून आपला मुलगा ज्याच्या पाठबळावर वर जातो, त्या माणसाच्या जिवाची तेव्हा ठरलेली ही किंमत. 'मी एव्हरेस्ट सर केलं' या वाक्यात तो कुठेच नसतो.

म्हणून आपल्यापैकी जे अशा मोहिमांना मदत करतात, त्या व्यापाऱ्यांना, रोटरीच्या मंडळींना, शाळांच्या माजी विद्यार्थी संघांना माझी कळकळीची विनंती आहे. फोटोची अट काढून टाका. देणगी चढाईसाठी द्या, माथ्यासाठी नको. निरोपाच्या कार्यक्रमात मुलाला सगळ्यांसमोर विचारा की परत फिरायची वेळ कोणती ठरवली आहेस, आणि ती शेर्पाने ठरवायची की तू. ज्या कंपनीत पैसे भरले तिने शेर्पाचा विमा किती रकमेचा उतरवला आहे, त्याला शिखर न गाठताही पूर्ण मजुरी मिळणार आहे का, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी शिखर गाठलं तरच शेर्पाला बोनस मिळतो. म्हणजे मागे फिर असं सांगणाराच स्वतःच्या पोटावर पाय देत असतो. तो बोनस दोन्ही वेळेला द्यायचा म्हटलं तर निधीत थोडी भर घालावी लागेल. ती आपण घालू शकतो. आणि हुबळी स्टेशनवर हार घेऊन जायचं ते गाडीच्या वेळेप्रमाणे, शिखराची बातमी येण्याची वाट न पाहता.