स्मृतीचा परिग्रह

आमच्या गावच्या देवळाच्या कोठीत लग्नकार्यासाठी द्यावयाची मोठी भांडी असत. पातेली, पराती, घंगाळे, झारे, ओगराळी, आणि प्रत्येकाच्या काठावर देवाचे नाव कोरलेले. ज्याच्या घरी कार्य असे त्याने गुरवाच्या वहीत नग लिहून न्यावेत आणि कार्य आटोपताच चिंचेने घासून लख्ख करून पुन्हा कोठीत रुजू करावेत, अशी वहिवाट होती. पुढे उपजीविकेसाठी मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहू लागलो आणि यंत्राच्या स्मृतीचा, ज्याला आम्ही व्यवसायात मेमरी म्हणतो तिचा, देवघेवीचा व्यवहार रोज हाताखालून जाऊ लागला, तेव्हा त्या कोठीची आठवण मला वारंवार होऊ लागली. आणि तिच्याबरोबरच, अपरिग्रह या व्रताचा अर्थ आपल्याला पुरता उमगला आहे काय, हा प्रश्नही मनात घर करून बसला.

प्रोग्रॅमला काम करताना लागणारी जागा त्याच्या मालकीची नसते. ती मागून घ्यावी लागते आणि गरज सरताच परत करावी लागते. सी भाषेत मागणीचा शब्द ‘मॅलॉक’ आणि परतफेडीचा ‘फ्री’ असा आहे. मागणाऱ्याच्या हाती येतो तो केवळ त्या जागेचा पत्ता. तो पत्ताच हरवला, तर जागा दप्तरी त्याच्या नावावर राहते, पण तिचा उपयोगही होत नाही आणि ती परत करण्याची वाटही उरत नाही. मी स्वतः लिहिलेल्या एका फंक्शनमध्ये असेच घडले होते. आरंभी जागा घेतलेली होती, अखेरच्या ओळीत ती इमानाने परत केलेली होती. परंतु मध्ये, एखादी फाइल उघडली नाही तर त्रुटी कळवून तेथूनच माघारी फिरणारी एक ओळ होती आणि त्या आडवाटेवर ‘फ्री’ नव्हते. जोवर फाइल उघडत होती तोवर सारे निर्दोष. ज्या दिवशी विघ्न येई त्या दिवशी ऋण फेडावयाचे राहून जाई. ती ओळ सापडली तेव्हा मला स्वतःची लाज वाटली, कारण संकटात पहिल्यांदा विस्मरण होते ते आपण घेतलेल्या उसनवारीचे, हे माझ्या स्वभावातले वैगुण्य त्या ओळीत जसेच्या तसे उतरले होते.

या दोषाला गळती म्हणतात, परंतु येथे बाहेर काहीच सांडत नाही. जे जावयास हवे ते आत साचून राहते. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेची संगणकयंत्रणा ४ नोव्हेंबर १९९२ रोजी पहाटेपूर्वी प्रथम मंदावली आणि मग पूर्णपणे थांबली. चौकशीत निघालेले कारण असे की, सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका दुरुस्तीच्या कामात प्रोग्रॅमचा एक तुकडा तसाच राहून गेला होता, आणि वाहन पाठविण्याचा प्रत्येक आदेश निघताना तो सर्व्हरची थोडीशी मेमरी घेई आणि सोडीत नसे. एकेका आदेशाची ती किंचितशी शिल्लक तीन आठवडे साठत गेली आणि अखेरीस मोकळी जागाच उरली नाही. संचयाचे पाप एका मोठ्या लोभातून घडते अशी आपली समजूत असते. पण बहुधा ते अशा नगण्य विस्मरणांच्या बेरजेतून घडते.

जैन आचार्य उमास्वाती यांनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण सांगताना धनधान्याची वा भांड्याकुंड्यांची मोजदाद केली नाही. त्यांनी ते मूर्च्छेत पाहिले. मूर्च्छा म्हणजे आसक्ती, आणि मूर्च्छा म्हणजे शुद्ध हरपणेही. या एका शब्दात दोन्ही अर्थ का सामावले असावेत, हे मला प्रोग्रॅमच्या गळतीने शिकविले. सी भाषेतील गळती ही शुद्ध हरपल्याची मूर्च्छा आहे. आपण काही घेतले होते याचेच भान नाही. दुसऱ्या प्रकारची गळती याहून सूक्ष्म आहे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी १९५९च्या सुमारास अशी योजना काढली की, परतफेडीचा भार मनुष्यावर न टाकता यंत्रानेच मुळापासून निघून, एका वस्तूकडून दुसरीकडे जात, जे जे सापडेल त्यावर खूण करावी आणि जे बिनखुणेचे राहील ते बेवारस समजून झाडून न्यावे. जावासारख्या भाषांत ही सोय आज सर्रास असते, तरीही तेथे गळती होतेच. ग्राहक केव्हाच निघून गेलेला असतो, पण कोठल्याशा यादीत त्याची नोंद तशीच धरून ठेवलेली असते. झाडणारे यंत्र तेथवर पोहोचते, धागा शाबूत पाहते आणि ती वस्तू जिवंत मानून पुढे जाते. ही आसक्तीची मूर्च्छा होय. वस्तू कोणी धरली आहे की नाही, एवढे यंत्राला कळते; ती हवी आहे की नाही, हे ज्याने धरली त्यालाच ठाऊक. हा विवेक कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही आचारधर्मावर सोपविता येत नाही, हेच मला येथे मुख्यतः सांगावयाचे आहे.

मग सारेच लवकर सोडून द्यावे काय? तसेही नाही. जी जागा अजून वापरात आहे ती परत केली, तर तेथे दुसऱ्याचा संसार मांडला जातो आणि जुना पत्ता हाती असलेला पहिला त्यात बेधडक शिरतो. असा दोष गळतीहून भयंकर असतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात नियत कर्माचा मोहाने केलेला त्याग तामस ठरविला आहे, त्याचे मर्म याहून वेगळे नसावे. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेने प्रत्येक वस्तूला एका वेळी एकच मालक आणि मालकाचा अंमल संपताच वस्तूची मुक्तता, असा कडक कायदा केला. पण परस्परांना धरून बसलेल्या दोन वस्तूंची गाठ त्या कायद्यालाही नेहमीच सोडविता येत नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो क्षुल्लक नाही. प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याची सारी जागा ताब्यात घेते. मग परतफेडीचा एवढा अट्टहास कशाला? मृत्यूही आपल्याकडून सर्व काढून घेतोच. परंतु जप्तीला कोणी दान म्हणत नाही. शिवाय प्रश्न केवळ माझ्या मुक्तीचा नाही. मी उगाच अडवून ठेवलेली जागा त्याच घटकेला दुसऱ्या कोणाला नाकारली जात असते. आमच्या गावी भांडी परत करण्याची घाई देवासाठी कधीच नव्हती. देवाला पातेल्याची काय वाण? घाई असे ती एवढ्याचसाठी की, पलीकडच्या आळीत मांडव पडलेला असे आणि तेथे कोणी वही घेऊन पातेल्याची वाट पाहत उभा असे.