कपाखालचा ठिपका

भांड्यांवर नावं घालून घेण्याची आमच्या आईला फार हौस. स्टेनलेस स्टीलचं नवं भांडं विकत घेतलं, की दुकानातून घरी आणण्याआधीच त्याच्यावर नाव पडायचं. दुकानदाराचं यंत्र कुर्र्र करत चालायचं आणि पातेल्याच्या काठाखाली वडलांचं नाव, गाव, तारीख असा सगळा जन्मदाखला उमटायचा. शाळेत माझं नाव घालताना माझा जन्मदाखला सापडला नव्हता म्हणे; पण आमच्या पाण्याच्या पिंपाची जन्मतारीख मी आजही झोपेतून उठून सांगेन.

एकदा मी आईला विचारलं, "आपलं भांडं आपल्याला ओळखू येत नाही का गं?"

"ओळखू आलं असतं तर नाव कशाला घातलं असतं?" आई म्हणाली. "लग्नामुंजीत गेली की सगळी मेली सारखीच दिसतात."

पुढे आयुष्यात मी जाड जाड पुस्तकं वाचली, पण याहून मोठी गोष्ट मला कोणी सांगितली नाही. खूण करावी लागते ती सारख्या दिसणाऱ्या वस्तूंवर. हत्तीच्या पाठीवर 'हा हत्ती आहे' असं कोणी लिहून ठेवत नाही.

आता जिथं वेगळेपण खरोखरच आहे, तिथली गोष्ट सांगतो. आमचे एक मित्र गाण्यातले दर्दी आहेत. किराणा घराण्याचा वाण्याच्या दुकानाशी काही संबंध नाही, हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांच्याकडूनच कळलं. तोवर मला वाटायचं, की या घराण्यातली मंडळी पूर्वी डाळतांदूळ विकत असणार. उत्तर प्रदेशात कैराना नावाचं गाव आहे, त्यावरून ते नाव पडलं. अब्दुल करीम खाँसाहेब त्या गावचे. पण स्थिरावले आपल्या मिरजेत. या घराण्याचा सगळा जीव सुरात. एकेका सुरापाशी थांबत, त्याला गोंजारत राग वाढवायचा. उलट अल्लादिया खाँसाहेबांचं जयपूर घराणं म्हणजे अनवट राग आणि लयीला बिलगून जाणाऱ्या पेचदार ताना. हे सगळं मित्रानं मला समजावलं. अर्थात मला समजलं असं नाही. पण त्यानं समजावलं.

हा मित्र रेडिओ लावल्यावर दोन मिनिटांत घराणं सांगतो. एकदा आम्ही दोघं ऐकत बसलो होतो. सुरुवातीची घोषणा हुकली होती. मित्रानं डोळे मिटले, मान डोलावली आणि निकाल दिला, "शुद्ध किराणा! हा सूर दुसरीकडे मिळायचा नाही." पुढचा अर्धा तास मी किराणा समजून माना हलवल्या. शेवटी निवेदिकेनं गायकाचं नाव सांगितलं. गृहस्थ निघाले भलत्याच घराण्याचे. मित्र क्षणभरही डगमगला नाही. म्हणाला, "तरीच! मधेमधे चुकत होता."

पण मित्राची चेष्टा करण्याचा मला अधिकार नाही. चुकला तरी तो डोळे मिटून, कान उघडे ठेवून बसतो. गाण्यातला फरक ओळखायला आधी गाणं ऐकावं लागतं. आणि तो फरक शिकताही येतो. भास्करबुवा बखले (१८६९ ते १९२२) ग्वाल्हेर घराण्याच्या फैज महंमद खाँकडे शिकले, आग्र्याच्या नत्थन खाँकडे शिकले आणि पुन्हा जयपूरच्या अल्लादिया खाँकडेही शिकले. तीन घरी जेवून बुवांचं पोट बिघडलं नाही. उलट गाणं अधिक श्रीमंत झालं. असलं वेगळेपण मला फार आवडतं. चार घराण्यांची चार माणसं एकच यमन गातात आणि चार संध्याकाळी निरनिराळ्या होतात.

पेन्शनीत निघाल्यावर माणसाला दोन गोष्टींचा नाद लागतो, एक होमिओपॅथी आणि दुसरा वेदान्त. मी दुसरा पत्करला, कारण त्यात पथ्य नसतं. विद्यारण्यांच्या 'पंचदशी'त भेदाचे तीन प्रकार सांगितले आहेत. झाडाचा आणि त्याच्याच पानाफुलांचा, तो स्वगत भेद. एका झाडाचा दुसऱ्या झाडाशी, तो सजातीय भेद. झाडाचा दगडाशी, तो विजातीय. मी लगेच हे घरगुती भांड्यांना लावून पाहिलं. कप आणि त्याचा कान, हा स्वगत भेद. हा कप आणि तो कप, हा सजातीय. कप आणि पाटा-वरवंटा, हा विजातीय. वा! म्हटलं, आता जगात कळायचं काही उरलं नाही.

चौथा प्रकार मला पुढच्याच आठवड्यात कळला.

मी पहाटे पाचला उठतो. मंडळी साखरझोपेत असतात. कपाटातले कप काढायला गेलं, की एकावर एक आपटून गावजेवणासारखा आवाज होतो. म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर एक कप नेहमी सुटा पालथा घातलेला असे, तो मी घ्यायचा. त्यात चहा करून प्यायचा, विसळून पुन्हा तिथंच पालथा घालायचा. दीडदोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. एके दिवशी सौभाग्यवती लवकर उठल्या. मी गॅलरीत कप तोंडाला लावलेला. कपाचं बूड त्यांच्याकडे.

"अहो!" त्या ओरडल्या. "तो मावशींचा कप आहे!"

मी कप उलटा करून पाहिला असता, पण आत चहा होता. हात उंच करून खालून पाहिलं. बुडाला नेलपॉलिशचा लालभडक ठिपका होता. सहाही कप एकाच सेटमधले, म्हणून ठिपका. आईचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

आता इथं एक कबुली द्यायला हवी. माझ्या तोंडात त्या वेळी चहाचा एक घोट होता. तो गिळावा की नाही, असा मी क्षणभर विचार केला. क्षणभरच, पण केला. आदल्या घोटापर्यंत तो उत्तम चहा होता. आलं होतं, साखर बेताची होती. पाव सेकंदात त्यात काय पडलं?

आणि हा विचार कोणी केला? कॉलेजात असताना 'अस्पृश्यता : एक कलंक' या विषयावर पहिलं बक्षीस मिळवणाऱ्या इसमानं! ते भाषण मला अजून पाठ आहे. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, इथं मी आवाज चढवला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, इथं थांबलो होतो. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली, पंधराव्यानं दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी सर्वांना मोकळी केली, इथं टाळ्या पडल्या होत्या. बक्षीस म्हणून मला कप मिळाला. तो शोकेसमध्ये आहे. त्यातून कोणीच चहा पीत नाही.

घोट गिळला आणि मी सौभाग्यवतींना म्हटलं, "हे काय आहे?"

"स्वच्छतेसाठी हो," त्या म्हणाल्या. "तसं काही मनात नाही."

मी रागवायच्या बेतात होतो, पण आजीच्या वेळी परसात कोनाडा होता आणि कोनाड्यात कान तुटलेला एक कप होता, हे मला आठवलं. कोनाड्याचा कट्टा झाला आणि तुटक्या कपाचा सेटमधला कप झाला. शंभर वर्षांत आमच्या घराण्यानं कपाला कान मिळवून दिला, एवढी प्रगती केली. आणि दीडदोन वर्षं तो कप रोज हातात घेऊन मला एकदाही वाटलं नाही, की हा सहावा भाऊ वेगळा का राहतो?

शिवाय त्यांना आम्ही 'मावशी' म्हणतो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, तरी मावशी. आईच्या बहिणीला वेगळा कप कोण देतं?

मावशी आठ वाजता आल्या. मी घसा खाकरून म्हणालो, "मावशी, जरा चूक झाली. इतके दिवस मी तुमच्या कपातून चहा पीत होतो."

"ठाऊक हाय की," मावशी म्हणाल्या. "रोज आले की कप ओला असतो. म्हनलं, साहेब पीत असतील तर पिऊ द्या."

"मग तुम्ही कशातून प्यायच्या?"

"हाताला येईल त्यातून." त्यांनी नळ सोडला. "सगळे मीच तर धुते."

सौभाग्यवती कणीक मळत होत्या, त्या थांबल्या. मीही थांबलो. जे हात घरातले सहाही कप रोज स्वच्छ करतात, त्यांच्यापासून स्वच्छता राखण्यासाठी आम्ही ठिपका लावला होता. तीन भेद सांगणाऱ्या विद्यारण्यांना हा चौथा सुचणं शक्यच नव्हतं. त्याला आमच्यासारखं सुशिक्षित घर लागतं.

त्या दिवशी मावशींनी तारेच्या घासणीनं तो ठिपका खरवडून काढला. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कप कपाटात इतरांबरोबर गेला आणि आता तो कुठला, हे कोणालाच सांगता येणार नाही.

तरी परवा पहाटे चहा ओतण्याआधी मी कप उलटा करून बूड पाहिलं. मग लक्षात आलं, की हे मी रोजच करतो. घासणी कपापर्यंत पोचली. माझ्यापर्यंत पोचायला अजून थोडं घासावं लागेल.