पाहणे आणि न पाहणे

उपवासकाळातील एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, आमच्या धर्मग्रामातील एक तरुण चर्चच्या ओट्यावर आम्हांला भेटावयास आला. हा शिक्षणाने अभियंता आणि छंदाने छायाचित्रकार. सुट्टी मिळाली की कॅमेरा आणि हातभर लांबीचे भिंग खांद्याला लावून तो सातपुड्यात तरी असतो, नाही तर अजिंठ्याच्या डोंगररांगेत तरी. त्या दिवशी त्याने एक मोठे छायाचित्र सोबत आणले होते. काळ्या कातळाच्या कपारीपाशी उतरणारे पांढरे गिधाड. पंख पूर्ण पसरलेले, पंखांच्या कडा काळ्या, चेहरा हळदीसारखा पिवळा. चित्र इतके स्वच्छ की मानेवरची विस्कटलेली पिसे मोजता यावीत. आम्ही मनापासून स्तुती केली. शेजारी उभ्या असलेल्या, धुळ्याकडच्या एका आजींनी चष्मा सावरून पाहिले आणि त्या म्हणाल्या, "हाई काय शे, फादर? गिधाड? रविवारना दिन?" आणि क्रुसाची खूण करून त्या पायऱ्या उतरल्या.

तरुण मात्र हसला नाही. आजी गेल्यावर त्याने जे सांगितले ते प्रायश्चित्त संस्कारात सांगितलेले नव्हते, हे आधीच स्पष्ट करावयास हवे. त्याच्या संमतीनेच आम्ही ते येथे लिहीत आहोत. फाल्गुनातल्या एका दुपारी तो त्या कपारीसमोरच्या सुळक्यावर चढला होता. कपारीत घरटे आहे हे त्याने पक्ष्याच्या येण्याजाण्यावरून ताडले होते. तो वर पोहोचताच घरट्यावर बसलेला पक्षी उडाला, कड्याभोवती घिरट्या घालू लागला आणि खाली येईना. तरुणाने वाट पाहिली. कातळ एवढा तापला होता की त्यावर हात टेकवत नव्हता. पावणेतीन तासांनी पक्षी धीर करून उतरला, तो क्षण या चित्रात आहे. तीन आठवड्यांनी तो पुन्हा गेला तेव्हा कपार ओस पडली होती.

"फादर, ते माझ्यामुळे झाले का?"

पांढऱ्या गिधाडाचे नर-मादी दोघेही आळीपाळीने सुमारे सहा आठवडे अंडी उबवितात. खानदेशाच्या उन्हाळ्यात उबविणे याचा अर्थ पुष्कळदा सावली धरणे असाच असतो. उघड्या अंड्याला पावणेतीन तासांचे ऊन म्हणजे काय, हे केळीच्या बागेत पाण्याची पाळी चुकविलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावयास नको. परंतु अंडे कावळ्यानेही नेले असेल. घरटे त्याआधीच मोडले असेल. कोणी पाहिले? आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तू मुद्दाम काही केले नाहीस. हेतू नव्हता, मग पाप कसले?" तो मान डोलावून निघून गेला. त्याचे समाधान झाले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नव्हते.

आमचे बालपण तापीकाठच्या एका गावात गेले. गावाबाहेर मेलेली जनावरे टाकण्याची जागा होती. बैल मेला, कातडे निघाले, की आकाशात कोठून कोण जाणे ठिपके उमटत आणि बघता बघता पाठीवर पांढरा पट्टा असलेली ती अवजड गिधाडे उतरत. शिरा-स्नायू ताणण्याचा आवाज, एकमेकांवर फिस्कारणे, पंखांची आदळआपट. तासाभरात हाडांचा सांगाडा तेवढा उरे. आम्ही पोरे नाकाला धोतराचा सोगा लावून जात असू, आणि कशासाठी, तर दगड मारण्यासाठी. एवढे खाल्लेल्या पक्ष्याला चटकन उडता येत नाही आणि तो धावत सुटतो, याची आम्हांला मोठी मौज वाटे. पुढे आम्ही पुण्यास सेमिनरीत गेलो. १९९०च्या दशकात आम्ही तेथे कर्तव्यच्युतीचे पाप, म्हणजे जे करावयास हवे ते न केल्याचे पाप, यावर टिपणे काढीत होतो. नेमक्या त्याच वर्षांत आमच्या गावावरचे आकाश रिकामे झाले. सुट्टीत घरी येत होतो, परंतु एकदाही वर पाहून 'गिधाडे कोठे गेली?' असे आम्ही विचारले नाही. शेवटचे गिधाड कोणत्या वर्षी पाहिले हेही आम्हांला सांगता येणार नाही.

ज्यांनी विचारले ते मोजके होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश हे राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडांची घरटी वर्षानुवर्षे मोजीत होते. झाडाखाली मान खाली टाकून दिवसदिवस निपचित बसणारी, आणि मग गळून पडणारी गिधाडे त्यांनी पाहिली आणि १९९९ मध्ये ही घट जगासमोर मांडली. कारण सापडले २००४ मध्ये, शेजारच्या पाकिस्तानात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की जनावरांच्या वेदना व सूज कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध शवातून गिधाडाच्या पोटात जाते, त्याची मूत्रपिंडे बंद पडतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे खडूसारखे पांढरे थर चढतात. त्यासाठी प्रत्येक शवात औषध असण्याचीही गरज नव्हती. एकेक शव खाण्यास कित्येक गिधाडे जमतात. त्यामुळे शंभरात एकाहूनही कमी शवांत ते असले तरी वंश बुडावयास पुरेसे होते, असे त्याच वर्षीच्या गणिताने सिद्ध केले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक एवढीच उरली; लांब चोचीची शंभरात तीनच्या आसपास.

येथे आम्हांला थांबून विचार करावासा वाटतो. ज्या हाताने हे विष पसरले तो दयेचा हात होता. लंगडणाऱ्या बैलाकडे पाहून शेतकऱ्याचा जीव तुटला, त्याने डॉक्टरला बोलाविले, डॉक्टरने स्वस्त आणि गुणकारी सुई टोचली. यात दुष्टावा कोठे आहे? सेमिनरीत आम्ही द्विपरिणामाचे तत्त्व शिकलो. संत थॉमस अक्वायनस यांनी आत्मसंरक्षणाच्या संदर्भात ते मांडले: एकाच कृतीतून एक चांगला आणि एक वाईट असे दोन परिणाम निघत असतील, हेतू चांगल्याचाच असेल आणि दोहोंत प्रमाण असेल, तर कर्त्यावर दोष येत नाही. या तत्त्वाने शेतकरी निर्दोष सुटतो. आमचा तरुणही सुटतो. पंचवीसतीस वर्षे हे तत्त्व शिकविताना आम्हांला ते पुरेसे वाटत आले आहे. परंतु त्याच पुस्तकात पुढे अज्ञानाचे दोन प्रकार सांगितले होते, ते आम्ही परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. एक अज्ञान दूर करणे माणसाच्या हातात नसते. ते त्याला दोषमुक्त करते. दुसरे थोडी चौकशी केली असती तर दूर झाले असते. ते माणसाला झाकते, पण धुऊन काढीत नाही.

१९९५ मधला शेतकरी पहिल्या अज्ञानात होता. २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले, त्यानंतरचा नाही. बंदीनंतर काय झाले? माणसांसाठी मिळणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचल्या. २०१५ मध्ये कुपीचे माप ३ मिलिलिटरवर आणावे लागले. मग तशीच घातक ठरणारी दुसरी औषधे पुढे आली. त्यांपैकी केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध २००६ पासून ठाऊक आहे. आमच्या धर्मग्रामातील पुष्कळ कुटुंबांच्या दारी बैलजोडी नाही तर दुभती म्हैस आहे. सुईत काय आहे, एवढे विचारावयास किती वेळ लागतो? आणि हा केवळ पक्ष्यांचा प्रश्न नाही. शवे कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, पाणी नासले. गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसे अधिक दगावली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला आहे.

मग पाहणे हे कर्तव्य ठरते. परंतु आमच्या तरुणाने तर पाहिलेच होते, नव्हे, आपल्या सर्वांपेक्षा अधिक पाहिले होते! याचे उत्तर शोधताना आम्हांला संत अगस्टीन आठवले. 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात ते डोळ्यांच्या हावेविषयी बोलतात आणि उदाहरण देतात ते छिन्नविच्छिन्न प्रेत पाहावयास धावणाऱ्या लोकांचे. दृश्य ओंगळ आहे, तरी पाहिलेच पाहिजे, ही ती हाव. सुंदर दृश्याचीही अशी हाव असू शकते. भरतपूरला घरटी मोजणाऱ्याला पक्ष्याकडून काही घ्यावयाचे नव्हते. सुळक्यावर चढलेल्याला एक क्षण न्यावयाचा होता. दोघेही पाहतच होते.

अशी हाव काय करते याचा दाखला खानदेशातच आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो. रानपिंगळा हे लहानसे घुबड. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात त्याचे नमुने मिळविले होते. पुढे कर्नल मायनर्ट्‌झहागेन या नामांकित पक्षिसंग्राहकाने त्यांपैकी एक कातडे संग्रहालयातून लांबविले, त्याचे नव्याने भरण केले आणि '१९१४, मांडवी, गुजरात' अशी खोटी चिठ्ठी त्याला लावली. त्या एका चिठ्ठीने शोधकांची दिशाभूल झाली आणि पक्षी नामशेष झाला असे जग मानू लागले. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली, खोटा नमुना बाजूला सारला, आणि बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या शहाद्याजवळ आल्या. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. एका सकाळी उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला! त्यांनी त्याचे चित्रण केले आणि तेच पुरावा ठरले. खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा आम्ही मुलांना शेजाऱ्यापाजाऱ्यांची उदाहरणे देऊन शिकवितो. घुबडाविषयीही खोटी साक्ष देता येते हे आम्हांला फार उशिरा कळले. आमच्या तरुणाच्या चित्रात खोटे काहीच नाही. तरी 'निसर्गात मुक्त विहरणारे गिधाड' असे त्याखाली लिहिले तर ती खरी साक्ष होईल का? तो पक्षी विहरत नव्हता. तो घरी येऊ पाहत होता.

आजींच्या क्रुसाच्या खुणेविषयीही एक शब्द. लेवीय ग्रंथात अमंगल पक्ष्यांची यादी आहे. तिच्यात पहिले नाव येते ते हिब्रू 'नेशेर'. आपण त्याचे भाषांतर गरुड असे करतो, परंतु अनेक अभ्यासकांच्या मते ते मोठे गिधाड होय. आणि अनुवाद ग्रंथात मोशेच्या गीतात परमेश्वराला उपमा दिली आहे ती याच नेशेरची, आपल्या पिलांवर पंख धरणाऱ्या नेशेरची. त्याच यादीत पुढे 'राहाम' आहे. ते पांढरे गिधाड मानले जाते. हिब्रूत ज्या तीन व्यंजनांपासून करुणेसाठीचा शब्द बनतो, तीच या नावात आहेत. सेमिनरीतील आमच्या हिब्रूच्या प्राध्यापकांनी हे कधी सांगितले होते की नाही, आठवत नाही; सांगितले असल्यास आम्ही त्या तासाला झोपलो असू.

जानेवारी २०२४ मध्ये पिंजोर येथील जटायू संवर्धन केंद्रात वाढविलेली गिधाडे ताडोबा आणि पेंचच्या रानात सोडण्यासाठी आणली गेली. नाशिककडे अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे अजून आहेत. ही वार्ता त्या तरुणानेच आम्हांला दिली. मग आम्ही त्याला बोलावून घेतले आणि आधीचे उत्तर मागे घेतले. ते अंडे तुझ्यामुळे गेले की नाही हे कोणालाच कळणार नाही, असे आम्ही त्याला सांगितले. त्या दिवशी तुला ठाऊक नव्हते, म्हणून त्या दिवसाचा हिशेब परमेश्वराकडे सोड, परंतु आज तुला ठाऊक आहे. तो म्हणाला, "मग आता कसे जाऊ?" आम्ही म्हणालो, "आम्हांलाही घेऊन जा."

यंदाच्या उपवासकाळात आम्ही दोघे गेलो. पायथ्याच्या पळसाखाली बसलो. तेथून कडा चांगला अर्धा किलोमीटर दूर होता. दुर्बिणीतून आम्हांला बराच वेळ नुसता दगडच दिसत होता. पन्नाशी उलटलेल्या डोळ्यांची सवय व्हावयास वेळ लागतो. मग दगडाचा एक पांढरा कण हलला. तरुणाने वहीत तारीख, वेळ आणि 'पक्षी १, कपारीत बसलेला' असे लिहिले. कॅमेरा त्याने काढला, एकच चित्र घेतले आणि पिशवीत ठेवला. त्या चित्रात काळ्या कड्यावर तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका आहे. पुढच्या रविवारी त्याने ते आजींना दाखविले. "कोठे आहे पक्षी?" असे त्यांनी दोनदा विचारले, आणि त्याने बोट टेकवून दाखविल्यावर त्या बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिल्या. पहिले चित्र त्याने भिंतीवर लावलेले नाही, फाडलेलेही नाही.

कड्याचे नाव आम्ही या लेखात कोठेच दिलेले नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. संपादकांनीही ते विचारू नये.