सावलीतली लिली

बसा. पाठ ताठच हवी असं नाही. डोळे मात्र उघडेच राहू द्या, कारण हे मनन पाहण्याचं आहे.

जपानमधल्या एखाद्या बागेचा उत्तरेकडचा कोपरा मनात आणा. ऑक्टोबर लागलाय. वर मेपलची पानं, खाली शेवाळलेला दगड. ऊन इथे गाळून येतं. दगडाच्या कडेने गुडघ्याच्या थोडी वर आलेली, एका अंगाला झुकलेली रोपं आहेत. दुरून नुसता हिरवा पाला वाटेल. आणखी जवळ जा, खाली वाका.

ही टोड लिली. जपानी लोक तिला होतोतोगिसु म्हणतात; तिच्या अंगावरच्या ठिपक्यांत त्यांना त्याच नावाच्या, कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याची छाती दिसली.

देठावरून नजर हळूहळू वर न्या. देठावर बारीक लव आहे. प्रत्येक पान देठाला बुडाशी बिलगलेलं, आणि पानाच्या बेचक्यात जेमतेम इंचभराचं फूल. सहा पाकळ्या, पांढरट, त्यांवर जांभळे ठिपके. मधोमध उभा खांब, त्याचे फाटे कारंज्यासारखे बाहेर वळलेले. त्या फाट्यांवरही ठिपके आहेत. एकच ठिपका निवडा. त्याची कडा नेमकी कुठे संपते ते पाहत राहा. श्वास आपोआप संथ होईल.

बाहेरच्या तीन पाकळ्यांच्या बुडाशी छोटे फुगवटे आहेत. मध तिथे असतो. गुबगुबीत, केसाळ बंबलबी येते, खांबाभोवती फिरत एकेक फुगवटा चाखते, आणि वरच्या पुंकेसरांची पूड तिच्या पाठीला लागते. येऊ द्या, जाऊ द्या.

आता मन मातीकडे वळवा. डोंगरातले ओलसर कडे आणि ओढ्याचे काठ हे या झाडाचं मूळ घर. तिची बहीण नेपाळ-सिक्कीमच्या जंगलातही उगवते. सारा उन्हाळा टोड लिली फक्त पानं वाढवते, कुजलेल्या पाल्यातली ओल पिते. कडक उन्हात पानांच्या कडा करपतात, पाणी साचलं तर मूळ कुजतं. बागेतली बाकीची फुलं आटोपत आली की हिच्या कळ्या उमलतात. थंड प्रदेशात लवकर पडलेलं हिम त्या कळ्यांनाच गाठतं, तेव्हा माळ्याच्या जिवाची होणारी घालमेल मला कळते.

ही फुलं दूरच्या ताटव्यात लावणं मला अन्यायाचं वाटतं. तिला पायवाटेच्या अगदी कडेला जागा हवी, जाणाऱ्याला थांबावं लागेल अशी. जपानमध्ये चहाच्या खोलीत शरद ऋतूत तिची एखादीच फांदी साध्या पात्रात ठेवतात. पाहणाऱ्याला तेवढी पुरते.

उठण्याआधी रोपाच्या बुडाशी मातीत बोट घाला. माती गार, ओलसर लागली तर आज पाणी घालू नका. वरवर कोरडी असेल तर पाचोळ्याचा एक थर द्या, आणि गोगलगायी लपल्यात का तेही बघा. कोवळी पानं त्यांना फार आवडतात.