ब्रेक कुणासाठी?

दोस्तहो, मागच्या अभ्यासवर्गात एका पोरानं मला सरळ सवाल टाकला. "दादा, तुम्ही त्यांच्या गाड्या इतक्या इमानानं का दुरुस्त करता? त्यांनी आपल्याशी कधी इमान राखलं?" सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही. कारण त्याच आठवड्यात माझ्या गॅरेजात एक जुनी ॲम्बॅसॅडर जॅकवर चढली होती.

गाडी सहा वर्षं बंगल्याच्या आवारात उभी. मालक बडी असामी. त्यांना ती विकायची होती. बॅटरी टाकली, कार्बोरेटर साफ केला, इंजिन बोललं. मालक खूष. म्हणाले, "झालं की! आता ब्रेकचं थोडं बघून घ्या. पॅडल लागलं म्हणजे पुरे. पुढचं घेणारा बघेल." बंपरला ताजं लिंबू-मिरची बांधून आणलं होतं. रबर किटचे पैसे मात्र जड.

लोकांना वाटतं, गाडी चाललीच नाही तर झिजणार काय? चालती गाडी झिजते, पण उभी गाडी सडते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. कोरं डॉट ३ ऑइल निदान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हद्द १४० पर्यंत खाली येऊ शकते. घाटात ब्रेक तापले की त्याची वाफ होते. वाफ दबते, पाय फळीला टेकतो आणि गाडी चालतच राहते. तेच पाणी सिलिंडरला आतून खातं. पिस्टन गंजून अडकतात, रबर कडक होतं. होज बाहेरून साबूत दिसतो, आतून सुजलेला असतो. आणि जुन्या, एकाच लाइनच्या गाडीत कुठंही एक मोठी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात.

नुसतं नवं ऑइल घालून एअर काढली असती तर त्या दिवशी पॅडल लागलं असतं. पंधरा दिवसांनी कुठल्या उतारावर काय झालं असतं, त्याची पावती माझ्या नावानं कुणी फाडली नसती. खोटं कशाला बोलू, मनात आलंच. याच माणसानं मला बंगल्यावर चहा दिला तो कान तुटलेल्या, वेगळ्या ठेवलेल्या कपात. च्यायला, मरू दे की!

आमचा म्हातारा असता तर म्हणाला असता, "इमान सोडू नको, बाबा." पण म्हाताऱ्याचं ते इमान आलं कुठनं? वतनातनं. रात्री-बेरात्री सांगावा घेऊन पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं, अन् दारोदार शिळी भाकर मागायची. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते हे जोखड उतरवायला. पुढं १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली. मग तेच इमान मी पान्याला बांधून परत का आणू?

दुसरे सांगतात, कर्म कर, फळाकडे बघू नको. हे तर त्याहून वाईट. ब्रेकच्या कामात फळाकडेच बघायचं असतं. चाक थांबलं का नाही, एवढंच. ज्याला जन्मानं काम नेमून दिलं, त्यालाच फळ विसरायला सांगतात.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये मांडलंय की धम्मात देवाच्या जागी नीती आहे. पंचशीलातलं पाचवं शील आपण पाठ म्हणतो आणि त्यातली दारू तेवढी लक्षात ठेवतो. पण त्यात 'पमाद' हा शब्द आहे. पमाद म्हणजे गाफीलपणा. नशा नको, कारण नशेनं माणूस गाफील होतो. पण गाफील व्हायला दारूच लागते असं नाही. गंजलेला सिलिंडर बघून न बघितल्यासारखं करणं हाही पमादच.

आणि सावध राहायचं कुणासाठी? गाडीच्या पुढं जो पायी चाललाय त्याच्यासाठी. त्यानं मला मजुरी दिलेली नाही, माझं नावही त्याला ठाऊक नाही. बहुतेक वेळा तो आपलाच माणूस असतो, हातगाडीवाला नाहीतर फुटपाथवर झोपणारा. समजा परका असला, तरी त्याचा जीव जातीवरनं कमी-जास्त धरला तर मी मनूचीच वही उलटी धरून वाचतोय.

मालकाला म्हणालो, चारही ड्रम उघडायचे, मास्टर आणि व्हील सिलिंडर खोलायचे, खड्डे पडलेत ते बदलायचे, किट, होज, लाइनिंग नवं. मजुरी पुरी. नाहीतर काम नाही. ते चिडले आणि गाडी टोचन करून घेऊन गेले. दुसरीकडं अर्धंच काम झालं असेल, तर माझ्या नकारानं रस्त्यावरचा माणूस वाचला का? नाही वाचला. मी माझ्यापुरता सुटलो. गल्लीतल्या सगळ्या गॅरेजवाल्यांनी मिळून नकार दिला तरच त्याला वजन. 'संघटित व्हा' हे मोर्च्यापुरतं नाही.

आता माझ्या लाजेची गोष्ट. मालकाला दाखवायला एक ड्रम उघडला, तेव्हा माझ्या हेल्परनं हवेच्या पाइपानं आतली धूळ उडवली. वस्तीतलाच पोरगा. शिकवलं मीच. जुन्या लाइनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ती धूळ फुप्फुसात बसते, कॅन्सर करते, अन् कळायला वीस-तीस वर्षं जातात. मला हे ठाऊक होतं. अनोळखी माणसासाठी मी मालकाशी भांडत होतो आणि माझ्या हाताखालचा पोरगा तिथंच धूळ खात उभा होता. माझ्या गॅरेजात मालक मीच ना!

आता हवेचा पाइप ड्रमला लावू देत नाही. आधी पाण्यानं भिजवतो, मग ओल्या फडक्यानं पुसतो. तोंडाला साधा रुमाल नाही, चांगला मास्क. वेळ जातो, पोरगा कुरकुरतो. कुरकुरू दे.

तर बाबा, तू उद्या शाळेत शिकवशील, दवाखान्यात लागशील, नाहीतर ऑफिसात फायली हलवशील. मालक कोण, हे सगळेच विचारतात. तू एवढं विचार, की माझ्या कामाच्या पुढं पायी कोण चाललंय आणि माझ्या हाताखाली धूळ कोण खातंय? पुढच्या वर्गात तुझं उत्तर ऐकायला येतो.

जय भीम.