मत बदलणे आणि शब्द फिरवणे



२०२४ साली आपण दोनदा मतदानाच्या रांगेत उभे राहिलो. २० मे रोजी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबर रोजी विधानसभेसाठी. त्यातल्या दुसऱ्या मतदानाच्या आधीच्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर एक वयस्कर गृहस्थ मला भेटले. म्हणाले, “फादर, या वेळी मी मत द्यायला जाणार नाही. मागच्या वेळी ज्याला मत दिलं, तो ज्यांना शिव्या देत मत मागत होता, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसला. मग माझं मत गेलं कुठं?”

शेजारी एक कॉलेजात जाणारा मुलगा उभा होता. तो म्हणाला, “काका, माणसाला मत बदलायचा हक्क नाही का? तुम्हीसुद्धा आधी मोबाइलला नावं ठेवत होता. आता तुमच्या हातातून तो सुटत नाही.” सगळे हसले. काका मात्र हसले नाहीत. मला बाप्तिस्म्यासाठी आत जायचे होते, म्हणून मीही काही उत्तर न देता निघून गेलो. पण त्या दोघांचे बोलणे माझ्या मनातून गेले नाही. दोघांचेही बोलणे थोडे थोडे बरोबर होते, आणि म्हणूनच प्रश्न सोपा नाही.

राजकारणी माणसाने आपली भूमिका बदलली, तर मतदाराने ती गोष्ट मनावर घ्यावी का? आजच्या अंकात या प्रश्नाचा थोडा विचार करू या. मत कोणाला द्यावे हे सांगण्याचे काम माझे नाही आणि मी ते करणारही नाही. पण मत कसे ठरवावे हा विवेकबुद्धीचा प्रश्न आहे, आणि विवेकबुद्धीविषयी बोलणे हे धर्मगुरूचे काम आहे.

पहिली गोष्ट त्या मुलाच्या बाजूने सांगतो. मत बदलणे हे पाप नाही. संत आगस्तीन यांनी आयुष्याच्या अखेरीस, साधारण सन ४२७ च्या सुमारास, आपली सगळी जुनी पुस्तके पुन्हा वाचायला घेतली आणि कुठे काय चुकले ते एका वेगळ्या ग्रंथात स्वतःच लिहून ठेवले. एवढा मोठा विद्वान बिशप, पण ‘मी तेव्हा चुकलो होतो’ असे लिहायला त्यांना लाज वाटली नाही. प्रभू येशूने सांगितलेला दोन मुलांचा दाखला आपल्याला ठाऊक आहे. एकाने बापाला ‘जाणार नाही’ म्हटले आणि नंतर मन बदलून तो मळ्यात गेला. दुसऱ्याने ‘जातो’ म्हटले आणि गेलाच नाही. दोघांनीही आपला शब्द पाळला नाही, पण दोघे सारखे ठरले नाहीत. म्हणजे ‘आधी काय बोलला आणि नंतर काय केले’ एवढेच जुळवून पाहणे पुरेसे नाही.

आता काकांची बाजू. मोबाइलविषयीचे काकांचे मत हे त्यांचे स्वतःचे मत होते. ते देऊन त्यांनी कोणाकडून काही घेतले नव्हते. उमेदवाराचे तसे नसते. तो आपली भूमिका सांगतो आणि तिच्या बदल्यात आपल्याकडून मत घेतो. एकदा दिलेले मत आपल्याला पाच वर्षे परत मागता येत नाही. म्हणजे त्याची भूमिका हे नुसते मत राहत नाही, ते वचन होते. आणि वचन देणाऱ्याइतकेच ते ज्याला दिले त्याचेही असते.

मग दिलेले वचन कधीच मोडता येत नाही काय? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्विनास यांचे यावरचे विवेचन आम्हाला अभ्यासाला होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, वचन देताना मनात ते पाळायचे असेल, तर पुढे ते पाळले गेले नाही म्हणून माणूस खोटारडा ठरत नाही. वचनच मुळात अन्यायाचे असेल, किंवा ज्या परिस्थितीत ते दिले ती बदलली असेल, तर त्याला दोष देता येत नाही. हे ऐकायला सोपे वाटते. पण परिस्थिती बदलली की नाही, हे ठरवायचे कोणी? वचन मोडणाऱ्यानेच ठरवायचे असेल, तर परिस्थिती रोजच बदलेल!

याचे एक उदाहरण कॅथलिक लोकांच्या इतिहासातच आहे. दोनशे वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये कॅथलिक माणसाला संसदेत बसता येत नसे. त्यासाठी घ्यावी लागणारी शपथच अशी होती की, कॅथलिक श्रद्धा सोडल्याशिवाय ती घेता येत नव्हती. हा नियम बदलण्याला कडवा विरोध करणाऱ्यांत रॉबर्ट पील हे पुढारी होते. १८१७ पासून ते ऑक्सफर्ड विद्यापीठाचे खासदार होते. त्या मतदारसंघात विद्यापीठाचे पदवीधर मत देत, आणि त्यांत अँग्लिकन धर्मगुरूंची संख्या मोठी होती. पील कॅथलिकांना विरोध करतील, याच भरवशावर ती मते त्यांना मिळत होती.

१८२८ साली आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यातून डॅनियल ओ’कॉनेल हे कॅथलिक वकील निवडून आले. निवडून आले, पण शपथ घेऊ शकत नव्हते. आयर्लंड पेटण्याच्या बेतात आले. पील तेव्हा गृहमंत्री होते. विरोध चालू ठेवला तर यादवी माजेल, हे त्यांना दिसले. त्यांनी आपली भूमिका बदलली आणि मार्च १८२९ मध्ये कॅथलिकांना संसद खुली करणारे विधेयक स्वतःच मांडले. एप्रिलमध्ये त्याचा कायदा झाला.

पण त्याआधी, फेब्रुवारीतच, त्यांनी एक गोष्ट केली. ‘ज्या भूमिकेवर तुम्ही मला निवडले, ती मी सोडत आहे, म्हणून तुमची जागा तुम्हाला परत करतो,’ अशा भावनेने त्यांनी ऑक्सफर्डच्या जागेचा राजीनामा दिला आणि त्याच मतदारांसमोर पुन्हा उभे राहिले. मतदारांनी त्यांना पाडले. विरोधकाला ७५५ मते पडली आणि पील यांना ६०९.

पील यांना मी संत ठरवत नाही. पराभवानंतर ते वेस्टबरी नावाच्या, एका धनिकाच्या मुठीत असलेल्या लहानशा मतदारसंघातून संसदेत परत आले. कॅथलिकांची मागणी न्यायाची आहे म्हणून नव्हे, तर नाइलाज आहे म्हणून त्यांनी ती मान्य केली. त्याच वेळी आयर्लंडमध्ये मतदानाच्या हक्कासाठीची मालमत्तेची अट वर्षाला ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेण्यात आली आणि असंख्य गरीब कॅथलिकांची मते गेली. तरीही मला त्यांची एक गोष्ट मोलाची वाटते. त्यांनी कारण उघड सांगितले, आणि ज्यांचा विश्वास घेतला होता त्यांच्याकडे ते परत गेले. विशेष म्हणजे ऑक्सफर्डच्या मतदारांचा निकाल आपल्या दृष्टीने चुकीचा होता. पण मतदार चुकतील म्हणून त्यांना विचारूच नये, असे पील यांनी म्हटले नाही.

आता घरचे उदाहरण घेऊ. १९५६ मध्ये मुंबईचे द्वैभाषिक राज्य झाले आणि यशवंतराव चव्हाण त्याचे मुख्यमंत्री झाले. संयुक्त महाराष्ट्राची मागणी जोरात असताना त्यांनी पक्षाचा निर्णय शिरोधार्य मानून द्वैभाषिकाची बाजू सांभाळली. १९५७ च्या निवडणुकीत मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या मतदारांनी काँग्रेसला जोरदार तडाखा दिला. त्यानंतर द्वैभाषिक लोकांच्या गळी उतरत नाही, हे दिल्लीच्या गळी उतरवण्यात चव्हाणांचाच वाटा मोठा होता, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. ‘मतांच्या भीतीने बदलले’ असे म्हणून आपण याला हिणवावे काय? मला तसे वाटत नाही. लोकांचे ऐकून बदलणे हे लोकशाहीतले कामच आहे. लोकांना न विचारता बदलणे ही निराळी गोष्ट आहे.

महाराष्ट्रात आपण अलीकडे काय पाहिले? २०१९ च्या निवडणुकीत ज्या युत्या-आघाड्या करून मते मागितली गेली, त्या निकालानंतर महिन्याभरात जशाच्या तशा राहिल्या नाहीत. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये दोन मोठे पक्ष फुटले. कोण बरोबर, कोण चूक, हे ज्याने त्याने ठरवावे. पण या सगळ्या उलथापालथीत, ‘माझी भूमिका बदलली आहे, म्हणून मी राजीनामा देऊन तुमच्याकडे परत येतो’ असे म्हणणारे किती जण आपल्या दारात आले? पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली आला. एक तृतीयांश आमदार फुटले तर चालतील, ही त्यातली सवलत २००३ मध्ये काढून टाकली. दोन तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाची वाट मात्र राहिली. कायदा डोकी मोजतो. मनात काय बदलले, ते त्याला मोजता येत नाही. ते काम मतदाराचेच आहे.

यावर कोणी म्हणेल, “फादर, कालचे कशाला उगाळायचे? आज तो आपल्या बाजूला आला ना? मग आनंद माना.” यात तथ्य आहे. पण आपण उमेदवाराला फक्त जाहीरनाम्यातल्या प्रश्नांसाठी निवडत नाही. पुढच्या पाच वर्षांत काय येणार, हे त्यालाही ठाऊक नसते आणि आपल्यालाही. २०१९ मध्ये मत देताना करोना कोणाच्या मनात होता? जे प्रश्न अजून उभेच राहिलेले नाहीत, त्यांवर तो कसा वागेल हे ओळखायला आपल्याकडे एकच खूण आहे. मागच्या वेळी तो कसा बदलला? आज तो आपल्या बाजूने ज्या रीतीने आला, त्याच रीतीने उद्या निघून जाईल.

म्हणून मला तीन प्रश्न विचारावेसे वाटतात. काय बदलले, परिस्थिती की त्याची खुर्ची? या बदलाची किंमत कोणी मोजली, त्याने की आपण? आणि त्याने ते आपल्याला सांगितले का? या तिन्हींची उत्तरे बरी असतील, तर माणूस दहा वेळा बदलला तरी मी त्याला दोष देणार नाही. आणि जो कधीच बदलला नाही, त्यालाही हे प्रश्न विचारावेत. दगडही जागचा हलत नाही, म्हणून त्याला कोणी एकनिष्ठ म्हणत नाही.

दुसऱ्याला प्रश्न विचारण्याआधी माझेच सांगतो. काही वर्षांपूर्वी मी वेदीवरून जाहीर केले होते की, लग्नाची मिस्सा ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत सुरू होईल, मग वधू येवो अथवा न येवो. दोन कुटुंबांच्या बाबतीत मी तसे केलेही. तिसऱ्या लग्नाला मी चाळीस मिनिटे थांबलो. घर श्रीमंत होते. लोक कुजबुजले. खरे कारण असे होते की, त्या सकाळी वधूच्या आजीला इस्पितळात न्यावे लागले होते. थांबणे योग्यच होते असे मला आजही वाटते. पण मी कारण कोणालाच सांगितले नाही. मला वाटले, माझे मन स्वच्छ आहे तेवढे पुरे. ते पुरे नव्हते. ज्या दोन कुटुंबांसाठी मी थांबलो नव्हतो, त्यांना उत्तर मिळण्याचा हक्क होता. पुढच्या रविवारी मी वेदीवरून ते दिले आणि त्यांची माफी मागितली. तेव्हा मला कळले की, मत बदलण्यापेक्षा ते समोर उभे राहून सांगणे जड असते.

आणि आपणा सगळ्यांसाठी एक शेवटचे. आपल्या पक्षाचा माणूस बदलला की आपण त्याला ‘शहाणपण’ म्हणतो आणि दुसऱ्याचा बदलला की ‘गद्दारी’. तराजू एकच असावा.

त्या काकांना मी नंतर त्यांच्या घरी भेटलो. “काका,” मी म्हटले, “तुम्ही मत दिलं नाही, तर ज्यानं तुम्हाला न विचारता शब्द फिरवला, त्याला विचारणारा एक माणूस कमी होईल.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, तो परत दारात आला तर मी त्याला विचारू का, तू बदललास तेव्हा मला का सांगितलं नाहीस?”

मी म्हटले, “विचारा. आणि तो काय उत्तर देतो ते ऐकून घ्या. मग मत कोणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.”

२० नोव्हेंबरला ते मतदानाला गेले. कोणाला मत दिले ते मी विचारले नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू